फोटो होईस्तोवर

कुवेतची नोकरी मी फेकून दिली, एवढंच घरी आजवर सांगत आलो. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. सांगणाऱ्यालाही. त्याच्या आधी काय झालं ते कधी बोललो नाही.

"ए हिंदी! दोरी धर. पाहुण्यांचे फोटो होईस्तोवर ओढायची नाही."

मॅनेजर मला शिट्टी मारून, नाहीतर 'हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी, म्हणून बोलवायचा. मला नाव होतं. त्याने कधी विचारलं नाही.

कुवेतमधल्या फिंतासच्या किनाऱ्यावर एका शेठचा मातीचा कोट होता. पूर्वी तिथे मोती तोलले जायचे. तो धंदा बुडाला, कोटात तांदळाची पोती आली. ती वाहायला मी पन्नासच्या दशकात रत्नागिरीहून आलो. पुढे तेलाचा पैसा आला. शेठच्या मुलाने भिंती रंगवल्या, झावळ्यांच्या झोपड्या बांधल्या, फाटकावर पाटी लावली, 'मोतीवाल्यांचं गाव'. परदेशी पाहुणे मोटारींतून येऊ लागले.

सालेमचाचा तरुणपणी याच कोटासाठी समुद्रात बुड्या मारायचे. एक कान त्यातच गेलेला. म्हातारपणी त्यांना पुन्हा नाकाला चिमटा लावून, पायाला दगड नि कमरेला दोरी बांधून धक्क्यावरून पाण्यात सोडायचे. तमाशा म्हणून.

गलबतांवर फिरून चाचा हिंदी शिकलेले. म्हणायचे, "रत्नागिरी, तुझ्या बंदराचं पाणी मी तुझ्या बापाआधी प्यालोय." वर दोरी धरायचं काम माझ्याकडे आलं, ते त्यांनीच शिकवलं. खालच्याने हिसका दिला की वरच्याने ओढायचं. लगेच. "तेव्हा नाखव्याचंही ऐकायचं नाही, बेटा."

त्या दिवशी हिसका आला. मी मॅनेजरकडे पाहिलं. एका बाईंच्या कॅमेऱ्यात रीळ अडकलं होतं. त्याने बोट वर केलं. थांब.

मी थांबलो.

पुन्हा हिसका. डोक्यात बहिणीचं लग्न, गावचं उघडं छप्पर, परतीची बोट. मी थांबलो.

मग दोरी सैल पडली. तेव्हा ओढली.

चाचा वर आले ते नाकातोंडातून रक्त घेऊन. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर हसला. "मस्त. उद्याही असंच."

चाचांनी शिवी दिली नाही. माझ्या हातांकडे पाहिलं फक्त.

मी दोरी मॅनेजरच्या बुटांवर टाकली. "उद्या तू उतर. दोरी मी धरतो."

"उद्याच्या बोटीत बसवीन तुला!"

"बसव."

घरी सांगितलेली गोष्ट इथून सुरू व्हायची. त्यानंतर कुणाच्या बोटाकडे पाहून मी हात आवरला नाही. मार खाल्ला, कामं गेली, तरी नाही. आणि आता कुणी त्या खेळाला जुनी परंपरा म्हणालं, तर मी गप्प बसणार नाही. तो खेळ नव्हता. दोरी माझ्या हातात होती.

निघायच्या दिवशी चाचांच्या खोलीपाशी गेलो होतो. दार उघडंच होतं. आत ते खोकत होते. मी चपला काढल्या.

'चाचा, मी ओढायला हवं होतं. माफ करा.'

एवढंच म्हणायचं होतं. उंबरा न ओलांडताच चपला पुन्हा पायात घातल्या आणि बंदराकडे निघालो.