डब्यातले शंभर चिंचोके

आमच्या शनिवारच्या मंडळाचे किस्से कुणी मुद्दाम जमवले नाहीत. मॅच संपते, चहाचे कप उचलले जातात, पाहुणे जातात, आणि सोफ्याच्या फटीत एखादा चिंचोका सापडावा तसा एखादा किस्सा घरात मागे राहतो. चार वर्षांत इतके राहिलेत की आता ते लिहून ठेवलेले बरे. माझ्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नाही. तसा तो माझ्या कशावरच नाही, असं माझी बायको सुनंदा म्हणते.

* * *

सुरुवात प्रकाशपासून झाली. प्रकाश पुण्याचा, इथे जर्मनीत मॅनहाइमच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, वय पस्तिशीचं. त्याची बायको मृणाल एकदा नदीपलीकडे, लुडविग्सहाफेनला आमच्या घरी आली आणि रडायलाच लागली. प्रकाश वेटब्युरोत, म्हणजे बेटिंगच्या दुकानात, जायला लागला होता. फुटबॉलवर लावायचा, हरला की वसूल करायला पुन्हा लावायचा.

“काका, तुम्ही संख्याशास्त्रातले डॉक्टर. याला जरा गणितानं पटवून द्या ना!”

मी तीस वर्षं रासायनिक कारखान्यात प्रयोगांचे आकडे तपासण्यात घालवली होती. प्रकाशला समोर बसवलं आणि सलग तीन तास, आलेख काढून काढून, शेवटी दुकानच का जिंकतं ते समजावलं. पोरगा हुशार. एकही प्रश्न चुकीचा विचारला नाही. शेवटी म्हणाला,

“पटलं काका, शंभर टक्के. पण शनिवारी साडेतीनला मॅच सुरू होते, तेव्हा मी करू काय?”

माझ्या एकाही आलेखात याचं उत्तर नव्हतं!

* * *

म्हणून मंडळ निघालं. दर शनिवारी दुपारी दोनला आमच्या घरी जमायचं आणि पैशांऐवजी चिंचोके लावायचे. एशिया-लाडेनमधून, म्हणजे आपल्याकडचा किराणा मिळतो त्या दुकानातून आणलेल्या चिंचेतले. सीझनच्या सुरुवातीला प्रत्येकाला शंभर. जिंकलात तर लावले तेवढे मिळणार, हरलात तर जाणार.

नुसतं कोण जिंकेल हे सांगण्यात मजा नसते, ते शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून हँडिकॅप. दुबळ्या संघाला कागदावर आधीच गोल देऊन टाकायचे आणि मग बघायचं. ते गोल ठरवायला आमचे शेजारी हेर क्लाइन. तेही निवृत्त, आणि त्यांच्या तटस्थपणाबद्दल शंकाच नको. स्वतःच्या आवडत्या संघावरही दया दाखवत नाहीत. पहिल्याच शनिवारी त्यांनी तळातल्या संघाला दीड गोल दिला.

सुनंदानं विचारलं, “अहो, अर्धा गोल म्हणजे काय? चेंडू रेषेवरच अडकला तर?”

बरोबरी होऊन भांडणं नकोत म्हणून अर्धा, हे मी तिला जर्मनमधून आणि मराठीतून समजावलं. तिनं मान डोलावली आणि हेर क्लाइनना अर्धा कप चहा दिला. “भांडण नको,” म्हणाली!

* * *

देशपांडे माझे कारखान्यातले जुने सहकारी. सुरक्षा विभागात होते. आयुष्यभर दुसऱ्यांना हेल्मेट घालायला लावलं. हा माणूस चिंचोके हातात आल्याबरोबर दुप्पट-पद्धतीवर गेला. एक लावायचा. हरलं की दोन. मग चार, आठ, सोळा. “कधीतरी जिंकणारच ना? एकदा जिंकलो की सगळं परत!”

सलग सहा मॅच हरले. त्रेसष्ट चिंचोके गेले. सातव्या मॅचला चौसष्ट हवे होते, हातात सदतीस, म्हणून लावलेच नाहीत. आणि सातवी मॅच नेमकी त्यांच्या बाजूनं लागली!

देशपांडे शांतपणे म्हणाले, “पद्धत बरोबर होती. चिंच कमी पडली.”

प्रकाश एवढा हसला, एवढा हसला! मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, “काका, मी हेच करत होतो. फक्त चिंचोके नव्हते ते.”

त्या दिवसापासून माझी झोप कमी झाली. मी या मुलाला औषध देतोय, की घरी बसून तेच व्यसन नीट शिकवतोय? मृणालला विचारायचा धीर होईना.

* * *

देशपांड्यांचा दुसरा किस्सा लगेचच पुढच्या महिन्यातला. सदतीसवर आलेला माणूस अचानक नव्वदवर! जिंकल्याची तर नोंद नाही. आम्ही विचारात पडलो. उलगडा त्यांच्या मिसेसनी केला.

“अहो भावजी, महिनाभर रोज चिंचेचं सार, चिंचेची चटणी, चिंचगुळाची आमटी! माझे दात आंबले! यांना म्हटलं काय झालंय, तर म्हणे, प्रकृतीला चांगलं.”

सुनंदानं त्याच संध्याकाळी मंडळाच्या प्रत्येक चिंचोक्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. हेर क्लाइननी भिंग घेऊन तपासणी केली. देशपांड्यांनी तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, “हा रंग कुठे मिळतो?”

* * *

आता माझी पद्धत. सांगायला संकोच वाटतो. मी प्रत्येक मॅचची शक्यता काढायचो आणि तिच्या प्रमाणात शंभरातले किती लावायचे ते सूत्रानं ठरवायचो. समजा, आठ आले. पण माझा अंदाजच चुकीचा असला तर? म्हणून निम्मे, चार. पण चुकीचा किती असेल याचाही अंदाज मीच काढलेला, म्हणून पुन्हा निम्मे, दोन. मग मॅचच्या दिवशी सकाळी वाटायचं, दोन जरा जास्तच होतात.

सीझन संपला तेव्हा माझ्याकडे एकशे एक चिंचोके होते.

मंडळाला मी अभिमानानं सांगितलं, “तोटा नाही!”

सुनंदा म्हणाली, “चाळीस वर्षांच्या संसाराचाही हिशोब असाच निघेल बघा.”

* * *

प्रकाशसाठी मात्र नियम कडक होते. कितीही खात्री असो, एका मॅचवर दोनच चिंचोके. जिंकला तरी दोन, हरला तरी दोन. आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या साडेतीनच्या आत स्टीलच्या डब्यात. झाकण लागलं की बदल नाही.

एका शनिवारी पहिल्या दहा मिनिटांतच त्याचे अंदाज कोसळायला लागले. कपाळावर घाम. उठला, बसला, पुन्हा उठला. सुनंदा डबा मांडीवर घेऊन बसलेली.

“काकू, एकच चिठ्ठी बदलू द्या. एकच.”

“आधी पोहे खा.”

“काकू, प्लीज!”

“लिंबू पिळू का वर?”

पोह्यांची तिसरी प्लेट संपली तेव्हा सगळ्या मॅचही संपल्या होत्या. सगळ्यांत हरला होता. डबा उघडला, दोन-दोन करत चिंचोके मोजून दिले आणि म्हणाला, “काकू, पोहे चांगले झाले होते. आत्ता कळतंय.”

गेल्या सीझनला तो पहिला आला. एकशे अठ्ठावीस. त्याच्या ऑफिसातल्या एकानं विचारलं, “इतकं जमतं तर खरंखुरं कुठे लावतोस?”

प्रकाश म्हणाला, “काकूंच्या मांडीवर!”

* * *

हा शेवटचा मी सुनंदालाही अजून सांगितलेला नाही.

या वसंतात माझे आकडे अचानक जुळायला लागले. सलग सात शनिवार. मी सूत्र पुन्हा तपासलं, चूक सापडेना. आयुष्यात प्रथमच कशातही चूक सापडेना! आठव्या शनिवारी सकाळी एका मॅचवर हेर क्लाइननी इतका उदार हँडिकॅप दिला, आणि दुकानाच्या वेबसाइटवरही तोच होता, की मी आकडा निम्मा केलाच नाही. सुनंदाला औषधं आणायला जातो म्हणून सांगितलं आणि आकड्यांची फाइल घेऊन ट्रामनं रेल्वे स्टेशनजवळच्या वेटब्युरोत गेलो.

आत गेल्यावर कळलं, चिठ्ठी कशी भरतात तेच मला माहीत नाही. काउंटरवरच्या बाईला विचारायची लाज वाटली. म्हणून या विषयातल्या एकमेव ओळखीच्या माणसाला फोन केला.

“प्रकाश, सहज माहितीसाठी विचारतो. हँडिकॅपच्या चिठ्ठीवर रक्कम कोणत्या रकान्यात लिहितात?”



“काका, कुठे आहात?”

मी खोटं बोलू शकत नाही. सांगितलं.

“काही लिहू नका. आलो.”

मॅनहाइमहून पूल ओलांडून यायला त्याला वीस मिनिटं लागली असतील. तेवढ्यात मी चिठ्ठी समजून घेतली, भरली, रकमेपुढे एक शून्य वाढवलं आणि काउंटरशी रांगेत उभा राहिलो. बाईनं आउसवाइस, म्हणजे ओळखपत्र, मागितलं. मी पाकीट काढत होतो तेवढ्यात दार उघडलं. प्रकाश उंबऱ्याबाहेर उभा, धापा टाकत. पायपुसण्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

“काका, बाहेर या.”

“अरे, तू आत ये ना. हे आकडे तर बघ! या वेळी मला पूर्ण खात्री आहे.”

“मला आत येता येत नाही. माझं नाव बंदीच्या यादीत आहे. मला दुकानात घेऊ नका, असं मीच लिहून दिलंय.”

“कधी?”

“ते बाहेर सांगतो. तुमच्यावर बाहेर यायची बंदी नाही ना काका? मग तुम्हाला बाहेर येता येतं.”

दार तसंच उघडं. मागे रांगेतले लोक कुरकुरायला लागले. बाई माझ्याकडे, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिली. चिठ्ठी तिनं अजून घेतली नव्हती.

“तुमचा मुलगा आहे का तो?” तिनं जर्मनमध्ये विचारलं.

“हो,” चिठ्ठी खिशात घालत मी म्हणालो, “माझाच.”