मिठाचा मान

कल्याणात तुमच्या घराण्याला काय मान आहे असं कोणी विचारलं, तर आम्ही जरा खाकरून सांगतो, की देवळाच्या उत्सवात पंगतीला मीठ आम्ही वाढतो. पणजोबांनी वाढलं, आजोबांनी वाढलं, मग वडिलांनी. बिदागी नाही, काही नाही. ठाण्याच्या मिठागरातून मीठ आणायचं, घरी कुटायचं आणि सगळ्यांच्या आधी पंगतीत शिरायचं. पानावर पहिला पदार्थ आमचा. जिलबीसुद्धा आमच्या मागून.

मी ठाण्याच्या कचेरीत कारकून. लोकांच्या जमिनींचे कागद माझ्या हातून जात. पण चाळिशी उलटली तरी वडील माझ्या हाती चिमूटभर मीठ द्यायला तयार नव्हते. "अरे, तुझा हात सैल आहे," म्हणत. अठरा वर्षं मी त्यांच्या मागून पाणी वाढत होतो आणि हे कधी चुकतात याची सुपुत्राला शोभेल अशा भक्तीने वाट बघत होतो.

शेवटी एका वर्षी चुकले. त्यांची नजर अधू झाली होती, हे त्यांच्याखेरीज घरात सगळ्यांना माहीत होतं. खांबाशी दोन द्रोण होते. एकात मीठ, दुसऱ्यात पानांभोवती घालून उरलेली रांगोळी. वडिलांनी रांगोळीचा उचलला. मी झारी भरून येईतो निम्मी पंगत वाढून झाली होती. प्रत्येक पानाच्या माथ्याशी नेमकी एक चिमूट.

ओरडलो असतो तर द्रोण तिथल्या तिथे माझा झाला असता. तोंड उघडलंही. पण वडील असे काही रुबाबात चालले होते, की शब्द फुटेना. मी पंगतीच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या पंचांच्या कानाशी वाकलो.

"काका, ती रांगोळी आहे."

"मला डोळे आहेत. तू पाणी वाढ."

ते शेजाऱ्याच्या कानात काही पुटपुटले, शेजारी पुढच्याच्या. ज्याने त्याने ती चिमूट बोटाने पानाबाहेर सारली. एक परगावचा पाहुणा तेवढा म्हणाला, "अहो, इकडे मीठ..."

"गप जेवा हो. वाढलंय मीठ," शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं.

जेवणं उरकल्यावर वडिलांनी रिवाजाप्रमाणे पंचांना विचारलं, "मीठ कसं होतं?"

"तुमच्या वडिलांच्या हातचं आठवलं," पंच म्हणाले. "आता मात्र पोराला वाढू द्या. इतकं सुरेख वाढून झाल्यावरच माणसाने हात थांबवावा."

घरी येताना वडील म्हणाले, "बघितलंस? एकाने दुसऱ्यांदा मागितलं नाही. याला माप म्हणतात."

"हो, बाबा."

"पुढल्या वर्षी तू वाढ."

मला लाज वाटली. नको म्हणण्याइतकी नाही वाटली.