पंचाहत्तर पौंड आणि एक हात

हसनाबादच्या स्टँडवर उतरून राजानंद हिवाळे कुठं राहतात असं कुणी विचारलं, तर चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. छत्रीवाला हवालदार म्हटलं की मात्र चहावाला भरला पेला तसाच ठेवून रस्त्यापर्यंत येतो आणि बोटानं घर दाखवतो. हवाई छत्री बांधून लढाईत उतरलेला आसपासच्या गावांत हा एकच माणूस. आणि हे तो स्वतःच कुणाला विसरू देत नाही, त्यामुळं गावाचाही नाइलाज आहे.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी, हवालदारांनी पूर्व बंगालात टांगाईलजवळ विमानातून उडी घेतली. तेव्हा ते हवालदार नव्हते, साधे शिपाई होते. पुढं पलटणीतून सुटून आले, जालन्यात कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या दारावर वीस वर्षं पहारा केला, पोरंबाळं मार्गी लावली आणि गावी येऊन बसले. आता वय चौऱ्याहत्तर, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. पण त्यांच्या बोलण्यातलं ते विमान काही अजून खाली उतरलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत म्हणू नका, दवाखान्याच्या रांगेत म्हणू नका, जरा कुणी ऐकणारा गावला की हवालदार विमानाचं दार उघडतात आणि उडी घेतात. दर वेळी अंगावर पंचाहत्तर किलो वजन असतं.

हे सगळं गाव गोड मानून घेतं. एक मच्छिंद्र तेवढा सोडून. मच्छिंद्र हवालदारांचा शाळूसोबती आणि शेताचा बांधशेजारी. दोघांचा एकमेकांवाचून एक दिवस जात नाही, आणि एक दिवस असा जात नाही की मच्छिंद्र विचारत नाही, "जय भीम हवालदार. खरं सांग गड्या, उडी मारली का ढकललं?"

"राम राम. मारली," हवालदार म्हणतात आणि लगेच तुरीवरच्या अळीची चौकशी करतात.

आता खरी गोम सांगायलाच हवी. हवालदारांना या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. विमानाच्या दारात त्यांचे दोन्ही हात चौकटीला चिकटले होते. मागं अंबडकडचा शिवाजी उभा होता. पाठीवर त्याचा तळवा टेकला आणि पुढच्या क्षणी हवालदार हवेत होते. खाली उतरल्यावर त्यांनी शिवाजीला गाठून विचारलं, ढकललंस का रे? शिवाजी म्हणाला, न्हाई, नुसता हात ठिवला. पुढं दहा वर्षं दोघं एका पलटणीत होते, शिवाजीनं उत्तर बदललं नाही आणि हवालदारांना ते कधी पटलं नाही. सोबत्याची लाज राखायला माणूस एवढं म्हणतोच. शिवाजी गेला, त्यालाही आता बारा वर्षं झाली. हवालदारांनी ही गोष्ट बायकोलासुद्धा सांगितलेली नव्हती.

तर अशात त्यांची नात साक्षी, जी गावातल्याच शाळेवर बाई आहे, एका संध्याकाळी म्हणाली, "आबा, सोळा डिसेंबरला विजय दिवस हाय, शाळेत या. नुसतं सांगू नका, अंगावर काय काय घातलं व्हतं, काय काय नेलं व्हतं, ते समदं घालून दाखवा पोरांना. उडी मात्र बिलकुल मारायची न्हाई. डॉक्टरनं काय सांगितलंय, ध्यानात हाय ना?"

हवालदारांना त्या रात्री झोप लागली नाही म्हणतात. त्यांची बायको गोजरबाई म्हणतात की घोरत होते. काही असो, सकाळी सहाला अंगणात लढाईची जुळवाजुळव सुरू झाली.

अस्सल म्हणावी अशी एकच वस्तू घरात होती, ती लाल-तपकिरी टोपी. बाकी सगळं घरातून उभं करायचं होतं. पाठीवरच्या मोठ्या छत्रीच्या जागी फवारणीचा पंप ठरला, कारण त्याला पट्टे आयतेच होते. छातीवरच्या जादा छत्रीसाठी गोधडीची घडी. लोखंडी टोपाच्या जागी मुलाचं, म्हणजे सुमितचं, मोटारसायकलचं हेल्मेट. बंदुकीच्या जागी मुसळ. पायाला बांधायच्या थैलीसाठी खताची रिकामी गोणी.

"त्या थैलीत काय व्हतं?" गोजरबाईंनी विचारलं.

"गोळ्या, हातबॉम्ब, फावडं, मलमपट्टी, पाण्याची बाटली. आन् शंकरपाळे."

गोजरबाईंनी हातातला झाडू खाली ठेवला. "लढाईला शंकरपाळे नेले व्हते तुमी?"

"सरकारनं दिल्ते. दोन दिवस दुसरं खायला न्हाई मिळालं तर म्हणून."

"पन्नास वर्सं संसार केला, हे कवा बोल्ले न्हाई," असं म्हणत त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळानं घरातून तळणाचा वास यायला लागला.

मच्छिंद्र आला तो खांद्यावर वजनकाटा टाकूनच. कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि काटा रोज शेतात लागायचा. "पंचाहत्तर किलो म्हणतो ना तू? बराबर पंचाहत्तर करू. पोरांना फसवायचं न्हाई," तो म्हणाला. पंप काठोकाठ भरला. गोणीत सरकी घातली, तरी भरेना म्हणून तुरी घातल्या, तरी भरेना म्हणून जात्याची एक तळी घातली. मच्छिंद्र एकेक नग काट्याला लटकावून मोठ्यानं आकडा सांगत होता. पंचाहत्तर भरले तसे त्यानं आणि सुमितनं मिळून ते सगळं बाजेवर बसलेल्या हवालदारांच्या अंगावर चढवलं.

"उठ आता," मच्छिंद्र म्हणाला.

हवालदार उठले नाहीत. त्यांनी एकदा जोर केला तशी बाज कुरकुरली. दुसऱ्यांदा केला तसे ते पंपासकट मागं कलंडले आणि दोन्ही पाय वर करून आभाळाकडं बघत पडले. सुमित ओढायला गेला तर तो त्यांच्यावर पडला. मच्छिंद्र मदत करायची सोडून काट्याला धरून हसत होता, हसता हसता खाली बसला. आतून गोजरबाई झारा घेऊन आल्या आणि त्याही दाराला टेकून पोट धरून हसल्या.

"वय झालंय म्हणून. तवा उठत व्हतो," हवालदार पडल्या पडल्या म्हणाले.

एवढ्यात साक्षी ट्रंक उपसता उपसता एक छोटी वही घेऊन बाहेर आली. आग्र्याला छत्रीचं शिक्षण घेताना विशीतल्या राजानंदनं पेन्सिलीनं लिहिलेली. तिनं वाचलं, "एकूण वजन पंचाहत्तर पौंड." मग मोबाइलवर हिशेब केला. "आबा, हे तर चौतीस किलो झाले."

पन्नास वर्षं पंगतीपंगतीत वाहिलेले एकेचाळीस किलो एका दमात उतरले. हवालदारांनी खोटं म्हणून कधी सांगितलं नव्हतं. गावात पौंड कुणाला कळत नव्हते, म्हणून पहिल्या सुट्टीत त्यांनी तो शब्द बदलला आणि आकडा बदलायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. पण हे आता कुणाला पटणार होतं?

मच्छिंद्रनं डोळे पुसले. "किलो तर गळाले हवालदार. मंग उडीचं काय? ती बी तपासून घ्यावी लागल. येतो म्या शाळेत. म्या न्हाई विचारणार, पोरांनाच विचारायला लावतो."

हवालदार अंगावरचे पट्टे सोडवायला लागले. इतकी वर्षं बांधावर, स्टँडवर ते 'मारली' म्हणून निसटले होते. शाळेतल्या पोरांपुढं, साक्षीपुढं, आणि वजनाचं असं झाल्यावर, ते कसं निसटणार?

इकडं गोजरबाईंनी जात्याची तळी काढली, तुरी काढल्या, पंपातलं निम्मं पाणी आळ्यात ओतलं. चौतीस भरले. हवालदार गोधडी छातीला कशी बांधायची म्हणून सुतळीशी झटत होते. बाईंनी सुतळी फेकून दिली आणि कापूस वेचताना बायका कमरेला ओटी बांधतात तशी लुगड्याच्या पट्टीनं गाठ मारली. दिवसभर वाकून वेचलं तरी ती गाठ सुटत नाही, आणि टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी होते. हवालदार ती गाठ दोनदा सोडून बघत राहिले. छत्रीच्या पट्ट्यांना नेमकं हेच लागायचं.

"बघू तरी किती जड हाय तुमची लढाई," असं म्हणून बाईंनी पंप पाठीवर घेतला, गोणी डोक्यावर घेतली, गोठ्यापर्यंत जाऊन आल्या आणि कढईतले शंकरपाळे हलवायला निघून गेल्या. रोज संध्याकाळी शेतातून त्या एवढाच कापूस आणत होत्या. मच्छिंद्रनं काटा उचलून खांद्यावर टाकला आणि शेताची वाट धरली.

सोळा तारखेला शाळेच्या मैदानात दोनशे पोरं मांडी घालून बसली होती. हवालदार स्टेजवर चढले तेव्हा हेल्मेट, पंप, गोधडी, मुसळ आणि पायाला गोणी असा तो अवतार बघून टाळ्या थांबेनात. गुडघा दुखत होता, पण चेहरा फुलला होता. त्यांनी एकेक वस्तू सांगितली. मोठी छत्री उघडली नाही तर छातीवरची कशी ओढायची. पायाची थैली जमीन जवळ आली की दोरीनं खाली सोडायची, नाहीतर पाय मोडतो. मग सदऱ्याच्या आतून ती टोपी काढली. खाली उतरल्यावर लोखंडी टोप काढून ही घालायची, म्हणून ती छातीशी ठेवलेली असते. टोपी घातल्यावर ते अगदी विशीतले नाही, पण साठीतले नक्की दिसायला लागले.

"आन् ह्याच्यात सगळ्यात मोठी गोष्ट दिसत न्हाई," ते म्हणाले. "आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई. म्हणून आपल्या पाठीचे पट्टे मागचा माणूस तपासतो. त्याची पाठ त्याच्या मागचा. समदे तपासून झाले की शेवटून ओरडत यायचं, नंबर वीस ओके, नंबर एकोणीस ओके."

तेवढ्यात सातवीतली प्रीती उभी राहिली. मच्छिंद्र तिच्या मागं खुर्चीवर बसला होता आणि मुद्दाम झाडाकडं बघत होता. "आजोबा, तुम्ही उडी मारली का तुम्हाला ढकललं?"

हवालदारांनी तोंड उघडलं. 'मारली' हा शब्द जिभेवर तयार होता. समोर दोनशे तोंडं होती, वजनाची वही साक्षीच्या हातात होती, आणि एकाएकी त्यांना या शब्दाचाच कंटाळा आला.

"मला माहीत न्हाई," ते म्हणाले. "दारात माझे हात सुटंना झाले. खाली बघितलं न् भेव वाटलं. मागून शिवाजीनं हात लावला आन् म्या बाहीर. त्यानं ढकललं का म्याच गेलो, आजवर कळलं न्हाई."

"म्हणजे तुम्ही उडी मारलीच नाही?" प्रीतीनं विचारलं. तिच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता, वाईट वाटलेलं होतं, आणि ते हवालदारांना जास्त लागलं. मच्छिंद्रचा चेहरा पडला. पन्नास वर्षं खाजवून काढलेलं उत्तर आता हातात आल्यावर त्याला ते नकोसं झालं होतं.

तेव्हा बायकांच्या बाजूनं गोजरबाई उठल्या. पदर खोचून स्टेजवर आल्या, नवऱ्याच्या पाठीमागची गाठ ओढून गोधडी सोडवली आणि पंप काढून घेतला.

"द्या हिकडं. बघू मला कसं व्हतंय ते. घरात बसून कुनीबी विचारतं."

साक्षी पळत आली, "आजी, नको." पण स्टेज होतं गुडघ्याएवढं, खाली लांब उडीची वाळू होती, आणि गोजरबाईंना अडवणारा माणूस हसनाबादेत अजून जन्मायचा होता. पंपातलं उरलेलं पाणी तेवढं ओतून टाकलं. त्यांनी गोधडी बांधली, हेल्मेट घातलं, आणि स्टेजच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या.

"पाठ तपासा की," त्या मागं न बघता म्हणाल्या.

हवालदार पुढं झाले. दोन्ही पट्टे ओढून बघितले, गाठ बघितली. "नंबर दोन ओके," ते म्हणाले. पोरांनी पाठोपाठ एकच गिल्ला केला, ओके, ओके.

गोजरबाईंनी खाली बघितलं आणि थांबल्या. रोज बांधावरून उड्या मारणारी बाई, गुडघाभर उंचीवर थबकली. त्यांचे हात पंपाचे पट्टे घट्ट धरून बसले. हवालदारांना ते हात ओळखीचे वाटले. काय करावं सुचेना म्हणून त्यांनी बाईंच्या खांद्याखाली, पट्ट्याच्या शेजारी, तळवा टेकवला. जोर केला नाही. भिंतीला हात टेकावा तेवढाच. तळव्याखाली बाईंचा श्वास एकदा आत गेला, आणि पाठ आपणहून पुढं निघून गेली.

वाळूत धप्प आवाज झाला. हेल्मेट एकीकडं, गोधडी एकीकडं. पोरं नाचायला लागली. गोजरबाई बसल्या जागी वाळू झटकत वळल्या. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या, पण आवाज तक्रारीचा काढला, "ढकललं व्हय मला?"

"न्हाई गं," हवालदार म्हणाले. "नुसता हात ठिवला."

बोलून गेल्यावर त्यांना आपलंच वाक्य ऐकू आलं. ते हवेत राहिलेल्या आपल्या तळव्याकडं बघत राहिले. मग स्टेजच्या कडेला, गुडघा सांभाळत, हळूच बसले. हसत होते की रडत होते ते पोरांना कळलं नाही. शिवाजी खरं बोलला होता. चोपन्न वर्षांपूर्वीच खरं बोलून बसला होता आणि आपण त्याला ओके म्हटलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्याच्या दुप्पट आनंद झाला.

मच्छिंद्र जवळ येऊन उभा राहिला. प्रश्न विचारायची सवय इतकी जुनी की तोंड उघडलंच. "मंग हवालदार?"

"मारली रे," हवालदार म्हणाले, आणि या वेळी तुरीवरच्या अळीची चौकशी केली नाही.

मच्छिंद्रनं मान हलवली आणि शंकरपाळ्यांचा डबा उघडून पहिली मूठ त्यांच्या हातात दिली.