करार, तहकुबी आणि आप्पासाहेबांची तब्येत

महापालिकेची बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. किस्से मात्र जात नाहीत. ते साचतात, आणि आम्ही जुने वार्ताहर चहाला जमलो की बाहेर पडतात. त्यातले बरेचसे एकाच कराराचे आहेत.

करार साधा होता. वर्षानुवर्षं रोजंदारीवर रस्ते झाडणाऱ्या बायकांना कायम करायचं. प्रशासन आणि कामगार संघटनांचं ठरलं, सह्या झाल्या. उरली फक्त मुख्य सभेची मंजुरी. पण अट अशी, की मंजुरीच्या दिवशी जी कामावर असेल तीच कायम! बिबवेवाडीची शेवंताबाई महिनाअखेरीला वयोमर्यादा ओलांडून कामावरून कमी होणार होती. त्याआधी मंजुरी मिळाली तर पेन्शन, नाहीतर हातात झाडूसुद्धा नाही. मी तिची बातमी लावून धरली होती.

*

सह्यांचा दिवस आठवतो. संघटना दोन, पुढारी दोन, आणि दुसऱ्याच्या मागून आत जायला दोघंही तयार नाहीत! शेवटी शिपायाने दाराची दोन्ही झडपं उघडली. दोघं एकदमच शिरले आणि खांद्याला खांदा लागून दारातच अडकले.

शिपाई शांतपणे म्हणाला, "साहेब, आधी तुमच्या दोघांत करार करा. मग आत या."

*

पहिल्या सभेला विषय आला आणि सभा तहकूब झाली. आपल्याकडे रीतच आहे. कुणी मोठा माणूस गेला की दोन मिनिटं उभं राहायचं आणि कामकाज बंद करून घरी जायचं. रीत चांगली, पण अडचणीचा विषय असला की सभासदांना दुःख जरा जास्तच होतं!

बाहेर पडणाऱ्या एका नगरसेवकाला मी अडवलं. "गेले ते कोण होते?"

"फार मोठे गृहस्थ."

"कुठले?"

"ते बघावं लागेल," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली.

*

दुसऱ्या सभेला कोरम नाही! लग्नाची तिथी दाट. अर्धी सभा मंगल कार्यालयात. दोन पुढाऱ्यांपैकी गायकवाड तडक तिथे गेले आणि जेवणाच्या पंगतीपाशी उभे राहिले.

"अक्षता टाकून झाल्या ना? आता तोच हात जरा सभेत वर करा!"

मंडळी आली. काहींच्या डोक्यावर फेटे तसेच. पण कराराच्या आधी विषयपत्रिकेवर एका चौकाला नाव देण्याचा विषय होता. त्यावर जे पेटलं, ते संध्याकाळपर्यंत! सभा पुन्हा तहकूब. चौक बिननावाचा, शेवंताबाई रोजंदारीवर.

*

मी त्यावर जळजळीत लिहिलं. सकाळी एक ज्येष्ठ सभासद जिन्यात भेटले.

"अहो, तुम्ही फार चिडता."

"चिडायचा मला पगार मिळतो," मी म्हणालो. "आपल्याला मानधन कशाचं मिळतं?"

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी मला नमस्कार केला नाही. माझी काही गैरसोय झाली नाही.

*

महिना संपत आला. आता एकच सभा हातात होती, आणि नेमके तेव्हाच कसबा पेठेतले माजी नगरसेवक आप्पासाहेब आजारी पडले. नव्वदीला टेकलेले. माजी सभासद गेला तरी सभा तहकूब! महापालिकेच्या आवारात कुजबुज सुरू झाली, "आप्पा गेले की करार गेला."

आप्पासाहेबांची गल्ली शेवंताबाईच्याच झाडण्यात होती. ती रोज काम उरकून जिना चढू लागली. एकदा मीही चौकशीला तिथे बसलो होतो.

"झाडायचं खाली असतं," आप्पासाहेब पलंगावरून म्हणाले. "वर काय काम काढलंत?"

"तब्येत बघाया आले."

"आपण डॉक्टर आहात?"

"न्हाई जी. पर सभा हाय."

आप्पासाहेबांचा उभा जन्म सभेत गेलेला. त्यांना उलगडून सांगावं लागलं नाही. ते खोकला लागेपर्यंत हसले.

"म्हणजे तोवर जायचं नाही म्हणता?"

"तसं कसं म्हनू? औषध घ्या." तिने चमचा पुढे केला. घरच्यांना रोज नकार देणाऱ्या आप्पासाहेबांनी निमूट तोंड उघडलं.

सभेच्या दिवशी कुणीही गेलं नाही. ना इथे, ना दिल्लीत. लग्नाची तिथीही नव्हती. विषय पुकारला गेला, हात वर झाले, करार मंजूर! गॅलरीत बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मीही खूप दिवसांनी मोकळा श्वास घेतला. त्या दिवशीच्या बातमीत मी कुणालाच झोडपलं नाही. संपादकांनी वाचून विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी शेवंताबाई पेढे घेऊन कसब्यात गेली. मीही बरोबर होतो. आप्पासाहेब उशीला टेकून बसले होते.

"झाला मंजूर?"

"व्हय जी. तुमच्या आशीर्वादानं."

त्यांनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि समाधानाने म्हणाले, "चला! म्हणजे आता मी जायला मोकळा."

शेवंताबाईने झटकन औषधाची बाटली उचलली.

"अवो, थांबा की जरा! अजून ऑर्डर कुठं हातात आलीया?"