दिलेलं मत परत घेतलं तेव्हा

माझा बाप गावचे पुढारी बापूसाहेब यांच्या वाड्याच्या ओट्याखाली उभा होता. मी चाकणच्या कंपनीत, बाथरूमचं दार लावून. मध्ये व्हिडिओ कॉल. फोन बापूसाहेबांच्या हातात, मागे ओट्यावर सात-आठ माणसं.

"पाह्य, तुही पोरगी. इले काम कोनं लावून देलं?"

"तुमीच देलं, बापूसाहेब," बाप म्हणाला.

"मंग इचं बोट तिकडं काऊन गेलं?"

कोणी तरी मागून ओरडलं, "आठवी पास मंत्रीणबाई हाय थे!" सगळे हसले. बाप पण हसला. त्याचं ते हसणं मला अजून दिसतं.

झालं होतं एवढंच. आमचं गाव मोताळा तालुक्यात. शाळेतले गुरुजी रिटायर झाले अन् त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गावाचा ग्रुप काढला. ग्रामसभेत तुम्ही गप बसता, म्हणाले, इथं बोलायची सवय करा. ते प्रश्न टाकत, लोक मत देत, ज्याला जास्त मतं तो विषय गुरुजी ग्रामसभेत मांडत. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेल्यांनाही त्यांनी ग्रुपमध्ये घेतलं. मला कोणी विचारतं, याचंच मला अप्रूप. गुरुजींचे उपकार मानते मी.

या खेपेला प्रश्न होता, पाण्याची नवी टाकी कुठं? बापूसाहेबांच्या वाड्याजवळ की आमच्या वस्तीत? वस्ती चढावर. नळ आहे, पाणी चढत नाही. माय विहिरीवरून आणते. मी वस्तीवर बोट ठेवलं.

मला वाटलं, मतदानाच्या खोलीत असतं तसं हे पण गुपित असेल. तिथं पुठ्ठ्याचा आडोसा असतो ना. इथं आडोसा नव्हता. आकड्यावर बोट दाबलं की खाली नावं दिसत. कोणी कुठं मत दिलं, सगळी नावं. वस्तीला मत दिलेल्या अकरा जणांत पहिलं नाव माझं.

"बदलव. आत्ताच्या आत्ता. आमी पाहून राह्यलो," बापूसाहेब म्हणाले.

त्यांचा भाचा कंपनीत आम्हाला कामावर लावणारा ठेकेदार. भाऊ आजारी पडला तेव्हा दवाखान्यात न्यायला जीप त्यांचीच होती. हे मी विसरले नाही, विसरणारही नाही. पण तेव्हा उपकार आठवला नाही. भीती वाटली. हात ओला झाला होता, बोट नीट उमटेना. दोनदा दाबलं. मत वाड्याकडे गेलं.

"शहाणी हायेस," ते म्हणाले अन् फोन कटला.

संध्याकाळपर्यंत वस्तीतली बाकीची मतंही एक-एक करून गेली. अकराचे शून्य. माझं गेलेलं पाहून त्यांनी आपलं काढलं.

दुसऱ्या दिवशी बापाच्या फोनवरून माय बोलली.

"भेली का वं?"

"हाव, माय."

"मलेबी भेव वाटते. पण माह्याजवळ मोबाईलच नाही. मले कोन इचारते टाकी कुठं पायजे म्हनून?"

रागावली नाही. तेवढंच बोलून विहिरीवर गेली.

तेव्हा समजलं. मी फक्त माझं एकटीचं मत फिरवलं नव्हतं. जिच्या डोक्यावर हंडा, तिला विचारलंच नव्हतं, अन् तिच्या वतीनं दिलेलं एक मत मी परत घेतलं होतं. कंपनीच्या बाथरूमात उभं राहून.

जेवणाच्या सुट्टीत मी परत वस्तीवर बोट ठेवलं. मग आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला: "बापूसाहेब, काम तुमी देलं, त्याचे उपकार हायेत. मत तुमी देलं नाही. टाकी वस्तीत पायजे."

अर्ध्या तासात ठेकेदाराचा निरोप आला. उद्या सकाळी भेट.

मी हे लिहिते आहे तेव्हा ती सकाळ व्हायची आहे. ग्रुपवर वस्तीत अजून माझं एकच मत दिसतं. बाप फोन उचलत नाही.

काम गेलं तर दुसरं पाहीन. ग्रामसभेला गावी जाते आहे. मायला सोबत घेऊन पुढं बसणार, मागं बायकांच्या कोपऱ्यात नाही. वस्तीसाठी हात वर करा म्हटलं की करणार. मोजणी होईपर्यंत खाली घेणार नाही.