माळावरचं मत

माझा भाऊ अमेरिकेत इंजिनियर होता. दुष्काळानंतरच्या वर्षी त्याचं पत्र आलं. त्याच्या शेजाऱ्याच्या घरात तीन पिढ्या एकाच पक्षाला मत द्यायच्या. पण शहरातली दाटीची वस्ती सोडून हा शेजारी बाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला आला आणि दुसऱ्याच पक्षाचा झाला. नुसता तोच नाही, अर्धी वसाहत.

माझे सासरे निवृत्त पोस्टमन. पत्र ऐकून त्यांनी चष्मा काढला. "घर बदललं म्हणून पक्ष बदलतो व्हय माणूस? लई उथळ लोक दिसतेत."

मी पत्राची घडी घातली. त्याच उन्हाळ्यात आम्हीही कळंबच्या पेठेतून गावाबाहेर, माळावरच्या प्लॉटवर राहायला गेलो होतो.

माळावर सगळेच नवे. कुणी एसटीतले, कुणी शाळेतले. शेजारी एका खाजगी दवाखान्यातल्या नर्सबाई. गावात त्यांचं घर बौद्धवाड्यात. सासरे तिथं वर्षानुवर्षं टपाल देत, पण चहाला कधी थांबले नव्हते. इथं मात्र भिंतीला भिंत, आणि एकाच टँकरमागं आमच्या घागरी पळायच्या.

नगरपालिकेची निवडणूक लागली. सासरे त्यांच्या पक्षाच्या जुन्या मेंबरकडं हापसा मागायला गेले. तो म्हणाला, "काका, तुमी आता गावात कुठं? माळाचं पुढल्या खेपेला बघू."

सासरे पाय आपटत घरी आले. "जन्मभर ह्यांनाच मत दिलं म्या, अन मी गावात न्हाय म्हणतो!"

"नर्सबाई उभ्या राहतायत, मामा," मी म्हणाले.

"त्या दुसऱ्या पक्षाच्या हायत, सूनबाई."

दोन दिवस ते धुसफुसत राहिले. तिसऱ्या दिवशी बघते तर नर्सबाईंच्या ओट्यावर चहा पीत बसलेले. मग रोज सायकलवर पत्रकं घेऊन निघायचे. लोक सवयीनं टपालासाठी हात पुढं करायचे आणि हे त्या हातात पत्रक ठेवायचे. दोघातिघांनी तर सहीसुद्धा कुठं करायची म्हणून विचारलं.

नर्सबाई निवडून आल्या. पेठेतल्या मित्रांनी महिनाभर सासऱ्यांशी अबोला धरला. एकानं भर रस्त्यात विचारलंच, "बदललात म्हणं?"

"म्या कुठं बदललो? पक्षच माझ्यासंगं माळावर आला न्हाय."

बोलले ठसक्यात, पण त्या दिवशी जेवले कमी.

पावसाळ्याआधी हापसा बसला. सासरे शेजारी खाट टाकून रांग लावायला लागले, आणि घरची सून म्हणून मी मध्येच घागर लावायला गेले तर मला सरळ शेवटी पाठवलं.