शर्यत संपेपर्यंत सांगू नका

अमेरिकेत, रेडमंडच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये कपडे धुवायची खोली तळमजल्यावर होती. तिथे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ड्रायरमधून चादर काढताना मागून कुणीतरी आल्याचं कळलं, म्हणून त्या वळल्या. पण मान न वळवता कमरेपासून अख्ख्या वळल्या, कपाट फिरवावं तशा. नागपूरला मी नऊ वर्षं फिजिओथेरपिस्ट होते. माझ्या तोंडून विचारलं गेलं, "तुमची मान कधीपासून अशी आहे?"

"तुम्ही जन्माला आला नसाल तेव्हापासून," त्या म्हणाल्या.

त्या जर्मन होत्या, साठी ओलांडलेल्या, आमच्या अगदी खालच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांचं नाव आमच्या तोंडात कधी नीट बसलं नाही, म्हणून आमच्या घरात त्या खालच्या बाईच राहिल्या.

तो आमचा इथला चौथा हिवाळा होता. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जायचा, मुलगी शाळेच्या बसने, आणि मग दिवसभर मी, भांडी आणि खिडकीवरचा पाऊस. मी डिपेंडंट व्हिसावर होते. म्हणजे इथे राहायचं, पण काम करायचं नाही. सुरुवातीला मी ते सुट्टीसारखं घेतलं. लोणची घातली, मराठी मंडळाच्या नाटकाचे पडदे शिवले. पण हळूहळू माझे हातच मला जड वाटायला लागले. बसस्टॉपवर कुणी खांदा धरून उभा दिसला की बोटं शिवशिवायची. आमच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्यांची मुदत कधीच संपली होती. इथे राहायला अडचण नव्हती, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की नवा शिक्का मिळेपर्यंत परत येता येत नाही, आणि तो कधी मिळेल हे कुणीच सांगत नव्हतं. त्यात नवऱ्याच्या ऑफिसात माणसं कमी करणं चालू होतं. "यंदा नको, यार, पुढच्या वर्षी जाऊ," असं म्हणत आम्ही तीन वर्षं काढली होती.

खालच्या बाईंच्या मानेवर मी शेजारीण म्हणून हात ठेवला. त्यांच्या बैठकीत गालिच्यावर चादर टाकून त्या उताण्या झोपायच्या आणि मी डोक्याशी बसायचे. मानेचे स्नायू दोरखंडासारखे झाले होते. "एवढी वर्षं डोकं कशावर उचलून धरलं होतंत?" मी विचारलं.

"हवेत," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ल्यूजबद्दल सांगितलं. बर्फाच्या वळणावळणाच्या, माणूसभर रुंद नालीतून एका छोट्या घसरगाडीवर उताणं झोपून, पाय पुढे करून खाली यायचं. गाडीला ब्रेक नसतो. पोटऱ्या दाबून आणि खांदे किंचित हलवून तिला वळवायचं. समोरचं दिसावं म्हणून डोकं इंचभर उचलायचं, त्याहून जास्त नाही, कारण वारा अडतो. आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी ते डोकं खाली दाबल्यासारखं वाटतं. त्या दोनदा जगज्जेत्या झाल्या होत्या. हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं, तेही स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवता ठेवता.

त्यांचं गाव तेव्हाच्या पूर्व जर्मनीत डोंगरात होतं. एकदा शाळेत काही माणसं आली, त्यांनी मुलांना उड्या मारायला लावल्या, खांदे मोजले आणि तिघांना निवडलं. त्यांत ही एक मुलगी. मग खेळाची निवासी शाळा, महिन्यातून एकदा घर. वडील लाकूडकापणीच्या कारखान्यात होते. दर रविवारी ते शाळेच्या फाटकाशी येऊन सिगारेट ओढत उभे राहायचे, कारण भेटायची परवानगी नसली तरी मुली सरावाला जाताना तिथून जायच्या. दोघं एकमेकांकडे बघायची, एवढंच.

"तुम्हाला आवडायचं का ते?" मी विचारलं.

"खाली येणं आवडायचं. बाकीचं नाही. एकदा मी सोडते म्हणाले होते. प्रशिक्षक काही रागावले नाहीत. फक्त म्हणाले, तुझ्या वडिलांची नोकरी चांगली चाललीये ना? मग मी पुन्हा कधी म्हणाले नाही."

पुढे बर्लिनची भिंत पडली, देश एक झाला. त्या इथे मुलांना ल्यूज शिकवायला आल्या, इथल्याच एका माणसाशी लग्न केलं, त्याच्या नोकरीमागे रेडमंडला आल्या. तो गेला आणि त्या राहून गेल्या.

माझी मुलगी नऊ वर्षांची. शाळेतून आली की तीही खाली येऊन बसायची. एका दुपारी तिने फोनवर खालच्या बाईंच्या शर्यतीचा जुना व्हिडिओ शोधून काढला. "इट्स यू! लुक!" म्हणत तिने तो त्यांच्यापुढे धरला. चित्र मळकट होतं. घट्ट पोशाखातली एक तरुण मुलगी घसरगाडीवरून उठते, शिरस्त्राण काढते, वर फलकावर लागलेली वेळ बघते आणि दोन्ही हात उंच करते. एक जाडसर माणूस धावत येऊन तिला मिठी मारतो.

"इथे थांबव," खालच्या बाई म्हणाल्या.

मुलीने थांबवलं. बाईंनी चष्मा लावला आणि बराच वेळ त्या माणसाचा चेहरा पाहिला. तो त्या मुलीच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होता.

"हा माझा प्रशिक्षक. ह्याला तेव्हा माहीत होतं," त्या म्हणाल्या. "माझे वडील आदल्या दिवशी गेले होते. कारखान्यात, छातीत कळ येऊन. आईने कळवलं होतं. सगळ्या संघाला माहीत होतं. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीलासुद्धा. तिने सकाळी माझी वेणी घातली. शर्यत संपेपर्यंत सांगू नका, असं ठरलं होतं. मी जिंकले, पदक घेतलं, फोटो काढले, रात्रीचं जेवण झालं, आणि मग मला एका खोलीत बोलावलं. आम्ही परदेशात होतो. मी पोहोचेपर्यंत त्यांना पुरून झालं होतं."

माझ्या मुलीला नीट कळलं नसावं. तिने विचारलं, "बट यू वन, राइट?"

"हो," बाई म्हणाल्या. "मी जिंकले."

हे झालं त्यानंतर साधारण महिन्याभराने, जानेवारीत, एका सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. नवरा त्या आठवड्यात घरूनच काम करत होता. मी दार उघडलं तर खालच्या बाई. गुडघ्यांमुळे त्या कधी जिना चढत नसत. कठड्याला धरून उभ्या होत्या आणि धापा टाकत होत्या.

"आत या ना," मी म्हटलं.

"नाही. इथेच सांगते. तुमच्या नवऱ्याने काल मला विनंती केली, की हे काही दिवस रोज सकाळी तुम्हाला माझ्याकडे बोलावून घ्यावं. सकाळी तुम्ही आईला फोन करता, तो होऊ नये म्हणून. मी हो म्हणाले. रात्रभर विचार केला. मी ते करणार नाही. तुमची आई हॉस्पिटलमध्ये आहे. त्यांना झटका आलाय, मेंदूचा. त्या जिवंत आहेत. बाकी मला माहीत नाही, नवऱ्याला विचारा."

मी मागे वळून पाहिलं. नवरा लॅपटॉप उघडा टाकून खोलीच्या दारात उभा होता.

त्याआधीचे दोन दिवस मला आईचा फोन लागत नव्हता, आणि दादा म्हणत होता, आईचा फोन बिघडलाय, दुकानात दिलाय. मी विश्वास ठेवला होता.

"अगं, दादानेच सांगितलं, तिला इतक्यात सांगू नका म्हणून," नवरा म्हणाला. "आणि सांगून काय करणार होतीस? गेलीस तर परत कधी येशील? माझी नोकरी महिनाभर राहील की नाही, माहीत नाही. पोरीचं काय? मला वाटलं, चार दिवसांत बरं वाटेल त्यांना, मग सांगू."

"आणि नसतं वाटलं तर?" मी विचारलं.

तो आत जाऊन लॅपटॉप मिटून आला.

"मी काय करायचं ते मी ठरवायचं होतं," मी म्हटलं. मला वाटलं होतं मी ओरडेन. पण आवाज अगदी हळू निघाला. तो वाईट माणूस नाही. तो घाबरला होता, आणि त्या घाबरण्यात त्याने मला एका खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली होती. मलाही आधीपासून तसंच वाटत होतं. फक्त कडीवर त्याचा हात आहे, हे त्या दिवशी कळलं.

दादाला फोन केला. आईची उजवी बाजू गेली होती, बोलणं बंद होतं. "तू ये असं मी म्हणणार नाही," दादा म्हणाला, आणि रडायला लागला.

मी गेले. निघताना मुलीने विचारलं, "आर यू कमिंग बॅक बिफोर माय बर्थडे?" वाढदिवस मार्चमध्ये होता. मी हो म्हणाले नाही. नवऱ्याने एअरपोर्टवर बॅग उतरवून दिली आणि तो म्हणाला, "मी चुकलो." मला तेव्हा त्यावर काही बोलावंसं वाटलं नाही.

नागपूरला आईने मला ओळखलं. डावा हात उचलून तिने माझा गाल चाचपला. घरी आणल्यावर मी रोज तिच्यावर काम केलं: बोटं उघडायची, मनगट वळवायचं, तिला टेकून बसवायचं. तीन वर्षांनी माझे हात कामाला लागले होते. आणि मी त्यात सुखी होते, हे मला कबूल करवत नव्हतं, कारण तिकडे मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर "व्हेन?" विचारायची.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळत नव्हती. मी दिवसातून कितीदा तरी ते पान उघडून बघायचे. मार्च गेला. वाढदिवसाचा केक मी फोनवर पाहिला. एप्रिलच्या उन्हात नागपूर तापून निघालं, दुपारी कूलरसमोरून हलवत नव्हतं, आणि मला वाटायचं, तिकडे आत अडकले होते, आता बाहेर अडकलेय.

शाळा सुटल्यावर मुलगी खालच्या बाईंकडे थांबायची. एकदा कॉल लागला तर ती त्यांच्या गालिच्यावर उताणी झोपलेली, पाय जुळवलेले, डोकं इंचभर वर.

"काय करतेयस?"

"डोन्ट टॉक, आई. आय ॲम ऑन कर्व्ह एट."

पलीकडे बाई खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या आणि हाताने वळण दाखवत होत्या. "खांदा सैल," त्या तिला सांगत होत्या. "घाबरलीस की खांदा घट्ट होतो, आणि गाडी भिंतीला जाते."

जूनमध्ये शिक्का मिळाला. त्याच आठवड्यात आईने पहिल्यांदा उजव्या हातात चमचा धरला. वरणभात सांडला, पण चमचा धरून ठेवला. आणखी दोन महिने मिळाले असते तर ती स्वतः जेवली असती, हे मला माझ्या अनुभवावरून ठाऊक होतं. पण मुलगी तिकडे होती. दादाने एक बाई लावली. मी तिला सगळे व्यायाम शिकवले, पुन्हा पुन्हा करून घेतले, आणि ती ते करणार नाही हेही मला दिसत होतं. आईला मी स्वतः सांगितलं, की मी चाललेय. कुणाला सांगू दिलं नाही. तिने ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने मला जा अशी खूण केली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

परत आल्यावर पहिल्याच दुपारी मी खाली गेले. बाईंनी कॉफी केली. मला त्यांचे आभार मानायचे होते, पण ते शब्द फार लहान वाटत होते. म्हणून बऱ्याच दिवसांचं मनात असलेलं विचारलं.

"तुम्हाला त्या सकाळी सांगितलं असतं, तर तुम्ही शर्यत सोडली असती?"

बाहेर शाळेची बस येऊन थांबली.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी शर्यतीत उतरले असते. तेव्हा मला दुसरं काही करताच येत नव्हतं. आणि बहुतेक हरले असते." कप बशीत ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "पण मग मी वडिलांसाठी हरले असते. आता ते पदक कुणाचं आहे, मला कळत नाही."

आमचा इथे कायम राहायच्या परवानगीचा अर्ज अजून तसाच पडून आहे. मी अजून डिपेंडंटच आहे. नवऱ्याची नोकरी टिकली. आता नागपूरहून दादाचा फोन त्याला आला की तो स्वतः न उचलता आधी माझ्या हातात देतो आणि शेजारी उभा राहतो.